आधी सोडायचा, मग ओढायचा

ट्रकवाले त्यांना तोंडावर मिस्तरी म्हणत आणि पाठीमागे दुबार. नाव पडायला कारण साधं होतं. इंजिनचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, उघडलं, त्याखाली नवं गॅस्केट टाकलं, बोल्ट आवळून गाडी दिली, की बाकीच्या गॅरेजवाल्यांचं काम संपायचं. मिस्तरींचं तेव्हा अर्धंच झालेलं असायचं. पहिली खेप मारून गाडी परत त्यांच्या दारात आलीच पाहिजे. इंजिन तापतं, निवतं, नवं गॅस्केट दबून बसतं आणि बोल्टांची पकड ढिली होते. ते पुन्हा ओढायचे. कुणी गाडी आणलीच नाही, तर मिस्तरी सायकल काढून त्याच्या घरी जात आणि दारातूनच त्याच्या बायकोला विचारत, "आहे का तो अजून, की बसला कुठे चढावर वाफ काढत?" त्यापेक्षा लोक मुकाट्याने गाडी आणत.

"बरं झालं दुबारकडे लग्नाचं खातं नाही," ड्रायव्हर आपसात म्हणत, "महिन्याभराने परत उभं केलं असतं."

हे मिस्तरीणबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या कपडे वाळत घालत होत्या. "मला एकदाच आवळलंय," त्या म्हणाल्या, "तेवढंच पुरतंय."

गॅरेज म्हणजे घराचीच पुढची बाजू. पत्र्याचं छत, तेलाने काळी पडलेली जमीन, छताच्या आडव्या लोखंडाला टांगलेली साखळी. मधे एक भिंत, भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. मिस्तरीणबाईंचा सगळा संसार त्या भिंतीला कान लावूनच झाला म्हणा ना. इकडे कणीक मळता मळता तिकडे काय चाललंय ते त्यांना कळायचं. हातोडी कुठली, पाना कुठला, नवरा खुशीत आहे की वैतागलाय, सगळं.

गेल्या थंडीत साखळीचा आकडा निसटला आणि लटकतं हेड खाली यायला लागलं. शहाणा माणूस बाजूला झाला असता. मिस्तरींनी हात पुढे केला. हेड वाचलं. उजव्या खांद्यातून काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला, तो त्यांनी स्वतःच ऐकला आणि म्हणाले, "लचकलं." डॉक्टर म्हणाले, आतली दोरीच तुटली आहे, या वयात कापाकापी करून फार हाती लागणार नाही. मुलाला सांगताना त्यातलं 'लचकलं' तेवढंच उरलं.

तेव्हापासून सकाळी खोलीचं दार लोटून मिस्तरीणबाई त्यांना शर्ट घालत. आधी उजवी बाही, मग डावी, मग बटणं. केसही त्याच विंचरत. मिस्तरी भिंतीकडे बघत बसत. सून तेवढ्या वेळात बाहेर भांडी जरा जास्तच जोरात घासायची. ते का, हे मिस्तरीणबाईंनी कधी विचारलं नाही.

कामाचंही तसंच. दुपारी गल्ली सामसूम झाली की त्या पत्र्याचा दरवाजा अर्धा ओढून घेत, पदर खोचत आणि बंपरवर चढत. मिस्तरी खाली उभे राहून सांगायचे. "मधला. आता समोरचा. आता त्याच्या डावीकडचा." मधून सुरुवात करून बाहेर जायचं, गोलगोल, रांगोळी वाढवत नेतात तसं. पाना मापाचा होता, दांड्यावर आकडा लावला की तेवढा जोर येताच आतून टक् करायचा. पण दुसऱ्या वेळी नुसतं टक् ऐकून चालत नाही, हे मिस्तरींनी त्यांना शिकवलं होतं. बसलेला बोल्ट जागेवर चिकटलेला असतो. तो तसाच ओढला तर जरासुद्धा हलत नाही आणि पाना मात्र टक् म्हणतो. म्हणून प्रत्येक बोल्ट आधी पाव फेरा सोडायचा. सुटताना तो कर्र करतो. मग ओढायचा. आधी कर्र, मग टक्. एक झाला की दुसरा.

"आणि सगळे एकदम नाही सोडायचे," मिस्तरी म्हणत. "एकेकच."

"सांगितलंत हो कालच."

"परवा सांगितलं होतं."

"मग आता उद्या सांगा."

असे दिवस चालले होते, आणि वाईट चालले होते असं म्हणता येणार नाही.

मक्याचा हंगाम सुरू झाला आणि मुलाच्या ट्रकचंच गॅस्केट गेलं. रेडिएटरमध्ये तेल, तेलात पाणी. शेतांमध्ये मक्याची पोती भरून पडली होती, आभाळ रोज संध्याकाळी काळं होऊन दाखवत होतं, आणि ज्याच्याकडे गाडी त्याला कुणी जेवूही देत नव्हतं. मुलगा थेट मोठ्या रस्त्यावरच्या गॅरेजात जाईल असं मिस्तरीणबाईंना वाटलं होतं. तो घरी आला.

"बाबा, उघडायचं का?"

"म्हणजे काय? बंद ठेवून दुरुस्त होतं का?" मिस्तरी म्हणाले, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्यांनी दोन वेळा वाढून घेतलं.

हेड मुलाने उतरवलं, मुलानेच चढवलं. गॅस्केट मिस्तरींनी डाव्या हाताने पुसून बसवलं. बोल्ट ओढायची वेळ आली तेव्हा त्यांनी मुलाला तेल आणायला पिटाळलं आणि तो येईपर्यंत मिस्तरीणबाईंनी सगळे ओढून काढले. मुलगा परत आला तेव्हा त्या फोडणी टाकत होत्या. हात थरथरत होते, तेवढी मोहरी बाहेर सांडली. मुलाने सांडलेल्या मोहरीकडे बघितलं आणि पाणी पिऊन गेला.

पहिली खेप खडीची मारून तो संध्याकाळी आला. गाडी रात्रभर निवली.

सकाळी मुलगा दारातून हलेना. "खळ्यावर माणसं थांबलीत, बाबा. आत्ता ओढा, लगेच निघतो. आज भरून चढ चढायचाय."

"तू जा, चहा पिऊन ये."

"प्यायलो."

"मग बॅटरीचं पाणी बघ."

"बघितलं."

मिस्तरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. नवऱ्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं. पोराच्या देखत बायकोने बंपरवर चढणं म्हणजे सगळ्यावरचं पांघरूण काढण्यासारखंच होतं. मिस्तरीणबाईंनी मान खाली घातली.

"मी ओढू का?" मुलगा म्हणाला. त्याने हे अगदी सहज विचारलं, तिकडे बघतसुद्धा नव्हता.

"तू स्टेअरिंग ओढ," मिस्तरी म्हणाले. "ज्याचं काम त्याने करावं."

ते चढले. डावा हात दांड्याच्या टोकाला, उजवा नुसता वर ठेवलेला. मिस्तरीणबाई आत गेल्या आणि कणकेची परात पुढे ओढली. मळायला लागल्या नाहीत, नुसत्या बसल्या.

टक्.

थोडा वेळ गेला. पाना दुसऱ्या बोल्टवर बसल्याचा आवाज.

टक्.

मिस्तरीणबाईंच्या बोटांना कणीक चिकटून तशीच वाळायला लागली. टक्. परत टक्. कर्र कुठेच नव्हतं.

त्यांना दिसत नव्हतं, पण दिसल्यासारखं कळत होतं. ओढायला दांडा आपल्याकडे घ्यायचा असतो, माणूस अंगाचं वजन मागे टाकून ते निभावून नेतो. सोडायला दांडा अंगापासून लांब ढकलायचा, आणि तिथे खांदा लागतो. एकदा, फक्त एकदा, मधेच एक दबलेला हुंकार आला, बंपर किरकिरला, मग काहीच नाही. मग टक्.

उठून सांगावं का? काय सांगावं? अहो, तुम्ही सोडत नाही आहात? पोरासमोर? ज्या माणसाने सायकलवर घरोघरी जाऊन दुसऱ्यांचे बोल्ट ओढायला लावले, त्याला त्याच्या पोराच्या गाडीचा बोल्ट सुटत नाही, हे त्याच्या बायकोने स्वयंपाकघरातून ओरडून सांगायचं? आणि नाही सांगितलं तर चढावर भरलेली गाडी, खाली दरी, आणि गॅस्केट जाऊन बंद पडलेलं इंजिन.

शेवटचं टक् झालं. मग पत्ती घालून टॅपेट लावण्याचा, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट जुळवण्याचा, बारीक किटकिट आवाज. ते काम डाव्या हाताने होतं.

"झालं," मिस्तरी म्हणाले. "जा आता. भरल्यावर पहिल्या गिअरनेच घे."

"बरं, बाबा."

गाडी गेली. मिस्तरी पाना पुसत बसले. तो पुसून झाला, मग दुसऱ्या फडक्याने पुन्हा पुसायला घेतला. मिस्तरीणबाईंनी चहा नेऊन ठेवला.

"बोललात नाही काही," त्या म्हणाल्या.

"काय बोलायचं?"

"काही नाही."

"मग झालं तर." चहा त्यांनी घेतला नाही.

आत सून डबा भरत होती. भाजी, चटणी, वर घडी करून पोळ्या. डबा मुलासाठी होता, आणि तो तर सकाळीच जेवण बांधून घेऊन गेला होता. सुनेने झाकण लावलं आणि डबा सासूच्या पुढे सरकवला.

"आई, खळ्यावर नेऊन द्याल का?"

"अगं, त्याने नेलाय ना."

"कमी नेलाय," सून म्हणाली. ती जमिनीकडे बघत होती. "शेतांमधल्या पाणंदीने गेलात तर लवकर पोचाल. गाडी भरून व्हायला दुपार होईल."

मिस्तरीणबाईंनी डबा उचलला.

पाणंदीत वारा नव्हता. दोन्ही बाजूंना सोंगलेल्या मक्याचे खुंट, मधे फुफाटा, चप्पल टाकली की पायाच्या घोट्यापर्यंत चढणारा. पदराने तोंड पुसलं की पदर तांबडा. वाटभर त्या वाक्य जुळवत होत्या. "बाबांचा खांदा अजून दुखतो." नको. "बाबांचं आज जरा लक्ष नव्हतं." हे तर त्याहून वाईट. खळं दिसायला लागलं तरी वाक्य जुळलं नव्हतं.

गाडी आंब्याखाली उभी होती, बॉनेट उघडं. हमाल पोती चढवत होते, अर्धी गाडी भरली होती. मुलगा बंपरवर बसून इंजिनवर तळहात ठेवून होता, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"निवतंय," तो म्हणाला. मग आईकडे नीट बघितलं. "चालत आलीस? उन्हाची?"

"तुझ्या बायकोने डबा दिला."

"डबा आहे माझ्याकडे."

"ते मलाही माहीत आहे."

मिस्तरीणबाईंनी डबा चाकाजवळ ठेवला. "ऐक," त्या म्हणाल्या, "आज सकाळी ते बोल्ट…"

"सोडले नाहीत. ऐकलं मी."

मग त्याने ड्रायव्हरची सीट उचलली आणि खालून तरटात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मापाचा पाना होता. बापाच्या पान्यापेक्षा नवा, दांड्यावरचे आकडे अजून चकचकीत, पण मुठीजवळचा रंग उडालेला. वापरून वापरून उडतो तसा.

मिस्तरीणबाई त्या उडालेल्या रंगाकडे बघत राहिल्या.

"कधीपासून?"

"थंडीपासून." मुलगा पान्याच्या तोंडाला बोल्टाच्या मापाची गोटी लावत होता. "बाबांनी कुणाची गाडी करून दिली की मी ती पुढे गाठून एकदा बघतो. ब्रेक, बेअरिंग, सगळंच. तू ओढतेस तेव्हा ठीक असतं. पण ते स्वतः करतात तेव्हा…"

"मी ओढते हे तुला कुणी सांगितलं?"

"आई. मोहरी सांडते तुझी."

त्या डब्याशेजारी बसल्या. एवढे महिने दार लोटून बटणं लावली, पत्रा ओढून घेतला, पोराला तेल आणायला, चहा प्यायला, कशाकशाला पिटाळलं. आणि पोरगा जात होता. सांगितलं तिकडे गुपचूप जात होता, आणि परत यायला मुद्दाम उशीर करत होता.

"गाडी त्या मोठ्या गॅरेजात का नाही नेलीस मग?" त्या म्हणाल्या. आवाज चढला तो त्यांनाच आवडला नाही. "इतकं माहीत होतं तर?"

"नेली असती तर ते जेवले असते का?"

मिस्तरीणबाईंनी डब्याचं झाकण उगाच दाबून बसवलं.

"चढ," तो म्हणाला. "क्रम तू सांग. मी सोडतो, मी ओढतो. मला मधूनच विसरायला होतं."

त्या चढल्या. हमाल तिकडे सावलीत भाकरी खायला बसले होते. एकजण म्हणाला, "काय हो काकू, लायसन काढलं की काय?" दुसरा हसला. मिस्तरीणबाईंनी पदर खोचला.

"मधला," त्या म्हणाल्या.

कर्र. टक्.

"समोरचा."

कर्र. टक्.

मुलगा चांगला ओढत होता. झटका देत नव्हता, दांडा एका चालीने आणत होता, बापासारखा. त्याची मान, कानामागून उतरणारा घाम, ओठ आत घेण्याची खोड, सगळं बापाचं. मागच्या सिलिंडरवरचा बोल्ट आला. सोडला, ओढायला लागला, आणि दांडा येतच राहिला. आधी जिथे होता त्याच्या पुढे गेला, आणखी पुढे गेला, आणि मग कुठे टक् झालं. मुलाने आईकडे बघितलं नाही. आईनेही बघितलं नाही. तो बोल्ट चढाच्या निम्म्यापर्यंतही टिकला नसता, हे दोघांना कळलं होतं.

"डावीकडचा," त्या म्हणाल्या.

टॅपेट लावून कव्हर बसवेपर्यंत ऊन कललं, उरलेली पोतीही चढवून झाली. मुलगा पाना तरटात गुंडाळत होता तेव्हा हमालांपैकी कुणीतरी म्हणालं, "मिस्तरी आले."

पाणंदीच्या तोंडाशी ते उभे होते. सकाळी बायकोने घातलेला शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, गुडघ्यापर्यंत धूळ. डाव्या खांद्यावर त्यांचा जुना पाना होता. सायकल त्यांना आता धरता येत नव्हती, म्हणून ते चालत आले होते. एवढ्या लांब, एवढ्या उन्हात, तो पाना घेऊन ते कशासाठी आले असतील हे मिस्तरीणबाईंना बघताक्षणी कळलं. गाडी थांबवायला आले होते. पोराला सगळं सांगायला आले होते. वाटभर त्यांनीही वाक्य जुळवलं असणार.

आणि इथे बॉनेट उघडं होतं, बंपरवर बायको होती, आणि पोराच्या हातात नवा पाना.

मुलाने तो मागे घेतला, लहानपणी विडी लपवली असती तसा. मग लपवण्यात अर्थ नाही हे कळून पुन्हा पुढे आणला.

मिस्तरी जवळ आले. खांद्यावरचा पाना उतरवून त्यांनी मडगार्डला टेकवला. इंजिनवर हात ठेवला.

"सोडून ओढले?" त्यांनी विचारलं.

"सोडून ओढले, बाबा."

"एकेक?"

"एकेक."

"टॅपेट परत लावले?"

"लावले."

मिस्तरींनी हात मागे घेतला, पँटला पुसला. "बरं केलंस," ते म्हणाले. त्यांना आणखी काहीतरी म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण जे म्हणायला आले होते ते आता कुणाच्या काही उपयोगाचं राहिलं नव्हतं. मुलगा पायाखालच्या मातीकडे बघत म्हणाला, "बाबा, केबिनमध्ये बसा. घरी सोडतो, मग जातो."

"भरलेली गाडी उलटी फिरवतोस? उशीर झालाय तुला." मग हमालांकडे वळून, "दोर नीट बांधा रे. मागची पोती बाहेर आलीत." पोती बाहेर आलेली नव्हती. हमालांनी तरी दोर पुन्हा ओढले.

परतताना ते पाणंदीने गेले नाहीत, मोठ्या रस्त्याने निघाले. मिस्तरीणबाई बरोबर चालत होत्या. जुना पाना मधेच डाव्या खांद्यावरून घसरायला लागला. "द्या इकडे," त्या म्हणाल्या. त्यांनी दिला. कधी कुणाला हात लावू न दिलेली वस्तू, पण वाद न घालता दिली, आणि मिस्तरीणबाईंना वाटलं, निदान 'नाही' तरी म्हणायचं होतंत.

"चांगला ओढतो?" मिस्तरींनी विचारलं.

खोटं बोलावं असं मिस्तरीणबाईंना क्षणभर वाटलं. "चांगला ओढतो."

"घाई?"

"अजिबात नाही करत."

"तू सांगत होतीस क्रम?"

"हो."

"हं."

मागून गाडी आली. दोघं कडेला झाले. मुलाने हॉर्न वाजवला नाही, वेग मात्र कमी केला, आणि तोंड काचेजवळ आणून एकदा बघितलं. मिस्तरींनी डाव्या हाताने खूण केली, जा जा. धुळीचा लोट अंगावर आला. त्यातच ते डोळे मिटून उभे राहिले, मान जराशी कलती. गाडी वळणावर गेली, चढाला लागली. गिअर पडला. इंजिनचा आवाज जाड झाला, एकसारखा, कुठे फुसफुस नाही, कुठे अडखळणं नाही. वरच्या वळणावर पुन्हा गिअर पडला. तिथून तो बारीक होत गेला आणि डोंगरापलीकडे उतरला.

"गेली," मिस्तरीणबाई म्हणाल्या.

"गेली की. चांगली गेली."

आणि ते रस्त्याच्या कडेला खाली बसले. सावली नव्हती, दगडसुद्धा नव्हता. दिवसाढवळ्या, येणाऱ्या जाणाऱ्यांच्या देखत हा माणूस कधी असा बसला नव्हता. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला.

"घरी नाही का जायचं?" मिस्तरीणबाईंनी विचारलं.

"जाऊ."

"कुणी गाडी घेऊन आलं असेल."

समोरच्या शेतात खुंट जाळत होते, त्याचा धूर सरळ वर जात होता. मिस्तरीणबाईंनी थोडा वेळ वाट बघितली. मग पाना जमिनीवर ठेवला, पदराने कपाळ पुसलं आणि त्याही त्यांच्या शेजारी धुळीत बसल्या.